लाइन गेली, लाइन आली

आमच्या वर्धा जिल्ह्यात वीज जात नाही, लाइन जाते. वीज आभाळातून पडते. घरात येते आणि घरातून जाते ती लाइन. ‘लाइन हाय का तुमच्याकडं?’ ‘नाई बाप्पा, सकाळीच गेली.’ ‘मंग कवा येते?’ ‘आता ते त्या लाइनमनले माहीत!’ तो लाइनमन म्हणजे मी. सारी नोकरी लोकांची लाइन जोडण्यात गेली. गंमत अशी, की लाइन गेली तर ती मी घालवलेली असते आणि आली तर ती आपली आपण आलेली असते. याबद्दल आता माझी तक्रार नाही, पण एकदा सांगून टाकलं म्हणजे पोट हलकं होतं.

गोरा साहेब गेला, त्याची टोपी गेली, पण हा एक शब्द मागं राहिला आणि आम्ही तो घरच्या विळ्यासारखा सगळ्याच कामाला लावला. रेशनच्या दुकानापुढं लागते ती लाइन. गाडी जाते ती लाइन, म्हणून निम्म्या गावाचा पत्ता ‘लाइनीच्या पलीकडं’. भाजीच्या वाफ्यात ठिबकची नळी असते, तीही लाइन. माझी वहिनी सेवाग्रामला दवाखान्यात नर्स होती. ती रात्री जेवताना सांगायची, ‘आज एका आजीची लाइनच सापडेना, दोन्ही हात पाहून झाले.’ तिची लाइन म्हणजे सलाइनची सुई. एका पंगतीत दोघं लाइनवाले जेवत, आणि दोघांचंही काम एकच, लाइन लागली पाहिजे आणि माणूस वाचला पाहिजे.

सिव्हिल लाइनचं मला लहानपणापासून कोडं होतं. तिथं ना तारा जास्त, ना रांग. आजोबा म्हणायचे, गोऱ्या फौजेचे तंबू दोरी लावून ओळीनं ठोकत, ती झाली लाइन. मग साहेबांचे बंगले तसेच ओळीनं बांधले, ती झाली सिव्हिल लाइन, आणि शिपायांच्या खोल्यांची झाली पोलीस लाइन. आता ओळ मोडली, बंगल्यांचे फ्लॅट झाले, नाव काही हललं नाही. लग्न जुळवायला आलेला मामा विचारतो, ‘पोरगा कोणत्या लाइनमंधी हाय?’ ती धंद्याची लाइन. वाया गेलेल्या पोराला बाप ‘लाइनीवर’ आणतो. आणि लाइन मारणे म्हणूनही एक प्रकार असतो. त्याबद्दल माझ्याकडं सांगण्यासारखं काही नाही, याचं थोडं वाईट वाटतं.

गिऱ्हाइकंही एकेक नमुनेदार. जामच्या चौफुलीवर एक ढाबेवाला होता, त्याला सगळ्या तालुक्याच्या आधी लाइन पाहिजे. ‘भाऊ, माहा फ्रीज, माहं पनीर!’ लोकांची पिकं सुकत, याचं पनीर सुके. समुद्रपूरकडच्या एका गावात दोन भावांचं भांडण. धाकट्याच्या घराला लाइन येई ती थोरल्याच्या घरावरच्या खांबावरून. धाकटा म्हणाला, ‘त्याच्या घरावरून आलेली लाइन मले नोको. तिनं माही भाकर करपते.’ आता काय सांगावं! मी शिडी लावली, वर चढलो, जोड घासून पक्का केला आणि उतरलो. ‘फिरवली का?’ ‘आता चांगली येईन,’ मी म्हटलं. महिन्यानं भेटला तर म्हणतो, ‘पाह्यलं, किती गोड लाइन येते आता!’ जोड खरंच ढिला होता, त्यामुळं तोही खोटा नव्हता आणि मीही नव्हतो.

आता आमचं काम काय असतं ते बाहेरच्या माणसासाठी सोपं करून सांगतो. गावाबाहेर दोन खांबांवर मोठा डबा टांगलेला दिसतो, त्याला आम्ही डीपी म्हणतो. मोठी लाइन तिथं येते आणि घरात चालेल एवढी बारीक होऊन गावात जाते. कुठं तार तुटली, की आधी डीपीवर लाइन पाडायची, म्हणजे बंद करायची, मग खांबावर चढायचं. एवढं तर कुणालाही कळतं. पण याच्या मधे एक काम असतं. साखळी टाकणे. एक लांब काठी असते, तिच्या टोकाला आकडे, आकड्यांना जाड तार, आणि त्या तारेचं दुसरं टोक जमिनीत ठोकलेल्या सळईला. खालूनच ते आकडे लाइनच्या सगळ्या तारांना अडकवायचे. तारेत चुकून कुठून करंट आलाच, तर तो माणसात न शिरता जमिनीत जातो. आणि खांबावरचा जोड तुटलेला असेल तर साखळी दोन्ही बाजूंना टाकायची. ज्या बाजूनं लाइन येते त्या बाजूला, आणि जिकडं ती जाते त्याही बाजूला.

ही दुसरी बाजूच कुणी करत नाही. जिकडं लाइन जाते तिकडून ती कशी येईल? नदी कधी उलटी वाहते का? माझे वस्ताद मला शिकवताना एकच वाक्य म्हणायचे, ‘लाइन बंद हाय असं सांगणारा कधी वर चढत नाई. चढणाऱ्यानं आपलं आपण पाहावं.’ मी दोन्ही बाजूंना साखळी टाकतो म्हणून आमच्या कचेरीत माझं नाव साखळीमामा पडलं होतं. तरणी पोरं हसायची. एक जण तर म्हणायचा, ‘मामा आंघोळीच्या आधी बालदीलेही साखळी टाकते!’ हसा म्हटलं. हसायला जिवंत माणूस लागतो.

तर धनराजची गोष्ट. धनराज माझा जोडीदार, वयानं माझ्याहून बराच लहान, पण खांबावर असा चढायचा की खारीनं लाजावं. तोंडानं फटकळ, मनानं लोणी. आम्ही दोघं केळझरच्या बाजूच्या गावांना पाहायचो. उन्हाळ्याची अखेर होती, दुपारी वावटळ येऊन गेली होती आणि फोनवर फोन सुरू होते. त्यातला एक फोन अर्चनाताईंचा. या वर्ध्याला कॉलेजात इंग्रजी शिकवतात. वडील महादेवकाका गावाबाहेर मळ्यात राहतात, वांगी, भेंडी, सांभार म्हणजे कोथिंबीर पिकवून बाजारात नेणारं जुनं घर. काकांचं फुप्फुस निकामी होत आलं होतं. दवाखान्यानं ऑक्सिजनचं मशीन देऊन घरी पाठवलं होतं. ते मशीन लाइनवर चालतं. लाइन नाही तर श्वास नाही, इतकं सरळ.

‘दादा, इन्व्हर्टर चूं चूं करून राहिलाय,’ ताई फोनवर म्हणाल्या. ‘अर्धा तासही निघणार नाही. या ना हो.’

आम्ही गेलो. गावातून मळ्याकडं जी लाइन जाते तिच्यावर बाभळीची फांदी आदळली होती, आणि शेवटून दुसऱ्या खांबावरचा जोड तुटला होता. त्या खांबापासून पुढं फक्त एक घर, काकांचं. दोन वावरं पलीकडं त्याच्या छपराचे कवेलू दिसत होते. फांदी ओढून काढली. धनराज डीपीवर जाऊन लाइन पाडून आला, पट्टा बांधला आणि चढायला लागला. ताई मळ्यातल्या घरून धावत आल्या होत्या, खांबाखाली उभ्या होत्या. दहा मिनिटांचं काम होतं. मी गाडीतून दोन्ही काठ्या काढल्या.

गावाच्या बाजूला साखळी टाकली. काही नाही. तार मेलेली. धनराज अर्ध्यावर पोचला होता.

‘झालं ना मामा?’ तो वरून म्हणाला.

‘थांब. दुसरी बाजू राह्यली.’

‘अहो, तिकडं काय हाय? एक घर! काकांच्या घरून काय लाइन येईन का?’

‘थांब म्हटलं ना.’

दुसऱ्या काठीची सळई अजून ठोकायची होती. जमीन उन्हानं तापून दगड झालेली. मी घाव घालतो, सळई वाकते. ताईंचा धीर सुटला. वर्गात पुस्तकासारखं बोलणारी बाई, पण त्या घडीला अस्सल आमच्या बोलीवर आली. ‘माह्या बाबाचा जीव चालला अन तुम्ही साखळ्या खेळून राह्यले! माणूस हाय का कोण हाय? जोडू द्या ना त्याले!’

ते मला लागलं. अजून लागतं. माझेही वडील श्वासानंच गेले होते, मला काय कळत नव्हतं? एकदा वाटलं, जाऊ दे, ताई बरोबर म्हणून राहिल्या, पलीकडं एकच घर आहे, जोडू द्यावं. पण हात सवयीचा असतो, तो मनाचं ऐकत नाही. सळई बसली. मी काठी उचलली. वर धनराजनं पट्टा खांबाला अडकवला होता, पक्कड हातात घेतली होती, आणि घराकडची तार त्याच्या बोटांपासून वीतभर लांब होती.

‘हात मागं घे!’ मी ओरडलो आणि आकडे अडकवले.

ठिणगी उडाली. नुसती नाही, फाडकन आवाज झाला, निळा-पांढरा जाळ, आणि आकड्याचं टोक काळं पडलं. धनराजनं खांबाला मिठी मारली. मेलेली तार जिवंत होती.

आम्ही तिघंही जागच्या जागी. मला कळेचना. डीपी बंद, गावची बाजू बंद, मग करंट आला कुठून? तेवढ्यात ताईंचा फोन वाजला. पलीकडून त्यांचा चुलतभाऊ प्रमोद इतक्या मोठ्यानं ओरडत होता की मलाही ऐकू आलं. ‘ताई, लवकर ये! मी जनरेटर आणलं होतं, ते आत्ताच बंद पडलं! काकाचं मशीन बंद झालं!’

प्रमोदचा मंडप-डेकोरेशनचा धंदा. काकांकडची लाइन गेल्याचं कानावर आलं तसा तो पलीकडच्या शिवाररस्त्यानं गाडीवर जनरेटर घालून आला होता. वारा आमच्याकडून तिकडं, म्हणून आवाज आला नाही. आणि त्यानं केलं काय, तर मंडपवाल्यांकडं दोन्ही टोकांना पिन असलेली एक वायर असते, तिचं एक टोक जनरेटरला आणि दुसरं घरातल्या प्लगमधे खुपसलं. म्हणजे एका फटक्यात सगळं घर सुरू. मशीन, पंखा, लाइट, सगळं. किती घरी करतात हे लोक! कुणाला वाटत नाही की मेन स्विच खाली पाडला नाही, तर तीच लाइन घराच्या मीटरमधून उलटी निघते आणि तारेवर येऊन बसते. नदी उलटी वाहते ती अशी. भलं करायला आलेला माणूस, त्याला काय ठाऊक, दोन वावरं पलीकडं खांबावर कुणाचा हात कुठं आहे.

माझ्या साखळीनं धनराजला वाचवलं, आणि त्याच साखळीनं जनरेटर बंद पाडलं. आता तिकडं काका गुदमरत होते.

‘धनराज, उतर! कशाले हात लावू नोको!’ एवढं म्हणून मी ताईंच्या मागं वावरातून पळालो. या वयात मी वांग्यांच्या वाफ्यांवरून कसा पळालो ते त्या वांग्यांनाच माहीत.

खोलीत काका उशीला टेकून बसले होते. तोंड उघडं, ओठ निळे, छाती नुसती उडत होती. प्रमोद जनरेटरची दोरी ओढत होता आणि रडत होता. मी आधी ती दोन तोंडांची वायर उपटली, मेन पाडला. ‘ताई, मशीनची पिन काढा, बोर्ड आणा लांब वायरचा!’ ताईंनी शिलाई मशीनचा बोर्ड ओढून आणला. मशीन सरळ जनरेटरला लावलं, घराचा काही संबंध नाही. प्रमोदनं दोरी ओढली. नाही. पुन्हा ओढली. नाही. अरे देवा, म्हटलं, आता एवढं दे. आणि ते भडभड करून सुरू झालं. आत मशीननं पीं केलं. ताईंनी नळी काकांच्या नाकाला लावली आणि त्यांचं डोकं छातीशी धरून बसल्या.

आम्ही नुसती काकांची छाती पाहत होतो. हळूहळू तिची धाव कमी झाली. ओठांवर रंग आला. काकांनी डोळे उघडले, माझ्या हातातला रबरी मोजा पाहिला आणि खिडकीकडं बोट केलं. त्यांच्या खाटेवरून तो खांब दिसतो. ठिणगी त्यांनी पाहिली होती. बोलता येत नव्हतं, तरी ओठ हलले, ‘वरचा माणूस?’

‘उतरला काका,’ मी म्हटलं. ‘धडधाकट हाय.’

मग बाहेर ओट्यावर येऊन बसलो. धनराज पट्ट्यासकट चालत आला. काय झालं ते त्याला सांगितलं. तो बराच वेळ आपल्या उजव्या हाताकडं पाहत राहिला. मग म्हणाला, ‘ताई, पाणी देता का?’ ताईंनी पाणी आणलं, ग्लास देता-घेता अर्धं पाणी ओट्यावर सांडलं. आणि दोघंही एकदम हसले. रडायच्या जागी माणूस हसतो ते मी तेव्हा पाहिलं.

प्रमोद कोपऱ्यात उभा होता. मला वाटलं धनराज आता याची खबर घेतो. तो म्हणाला, ‘काऊन रे, तू जनरेटर आणलं नसतं तर काका गेले असते ना?’ प्रमोदनं मान हलवली. ‘मंग रडून कायले राह्यला? फक्त ते दोन तोंडाची वायर आत्ताच्या आत्ता तोडजो.’ प्रमोदनं तिथंच पक्कड घेऊन तिचे तुकडे केले.

धनराज पुन्हा चढला. मी म्हटलं दुसऱ्या कुणाला बोलावतो. तर म्हणे, ‘आज नाई चढलो तर उद्या चढणार नाई.’ मी दोन्ही बाजूंना साखळी टाकली. या वेळी तो वरून स्वतःच म्हणाला, ‘मामा, तिकडचीही पाह्यली ना?’ जोड बसला, लाइन सोडली, आणि मळ्यातल्या घरी पंखा फिरला. लाइन आली की गावात पोरं ओरडतात. त्या दिवशी ताई ओरडल्या.

माझी साखळी त्यानंतर कचेरीत कुणी हसण्यावारी नेली नाही. वाईट एवढंच वाटतं, की हे पटायला ठिणगी दिसावी लागते. ज्यांना ठिणगी दिसलीच नाही असे दोन सोबती मी स्मशानात पोचवले आहेत. त्यांच्या जोडीला कुणी साखळीमामा नव्हता. त्यांच्याबद्दल मला लिहिता येत नाही, मी एकदा बसून पाहिलं.

हिवाळ्यात ताईंनी आम्हा दोघांना जेवायला बोलावलं. भाकर, वांग्याची भाजी आणि जवसाची चटणी, वरून तेल घालून. जेवताना मी सहज ताईंना विचारलं, हा लाइन शब्द आला कुठून? इंग्रजी शिकवता, सांगा. त्या हसल्या, चटणीच्या वाटीकडं बोट केलं. ‘यातून.’ म्हणाल्या, जवसाच्या झाडाच्या सालीचा दोरा निघतो. जुन्या काळी रोमकडची माणसं त्याच दोऱ्यानं भिंत सरळ आली का ते पाहत. जवसाचं त्यांच्या भाषेत जे नाव, त्यावरून त्या दोऱ्याला नाव पडलं, ते इंग्रजीत जाऊन लाइन झालं. दोऱ्याची झाली रेघ, रेघेची झाली रांग, मग रूळ, मग तार. लिननचं कापड म्हणतात तेही त्याच झाडाचं. म्हणजे आमचा गवंडी लाइनदोरी म्हणतो, तोच एक मुळाच्या जवळ राहिला, आम्ही बाकीचे सगळे लांब निघून आलो.

धनराज घास हातात धरून ऐकत होता. ‘म्हणजे मामा, आपुन जलमभर जवसावरच चढलो?’

काकाही हसले. नाकाला नळी होती, हसताना त्यांना धाप लागली, तरी हसले. जेवण त्यांना जात नव्हतं. ते नुसते धनराजच्या ताटाकडं पाहत होते, त्याचा घास संपला की ताईंना खूण करत, वाढ. त्याला तीन भाकरी खायला लावल्या. मग त्याला जवळ बोलावलं, खाटेच्या काठावर बसवलं आणि त्याचा उजवा हात आपल्या हातात घेतला. तळवा उलटा करून पाहिला, बोटं पाहिली, एखादी वस्तू विकत घेताना पाहतात तशी.

‘तुही आई हाय का रे बाप्पू?’ काकांनी विचारलं. एका वाक्याला त्यांना दोन श्वास लागत.

‘हाय ना काका.’

‘तिले सांगतलं का हे?’

‘नाई.’

‘नोको सांगू,’ काका म्हणाले. ‘कधीच नोको सांगू.’

धनराजनं सांगितलं नाही. त्याचं खरं नाव धनराज नाही. त्याची आई अजून आहे, आणि हे ज्यात छापून येणार तो दिवाळी अंक ती पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचते.